राखाडी अक्षरं

दुसऱ्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप येतो. समोरचा "मला जरा..." एवढं म्हणतो न म्हणतो तोच यांचं "पाणी हवंय ना? घ्या की!" तयार असतं. त्याला पाणी नको असतं, त्याला जरा बोलायचं असतं. पण पेला पुढे आला की बिचारा पाणी पितो आणि निघून जातो. आमच्या कोल्ड स्टोरेजचा धाकटा मालक राजवर्धन हा या पंथाचा महंत आहे, आणि त्याच्या या सवयीपायी एका चांगल्या मुलीचं नाव कायमचं खराब होणार होतं. आजही आठवलं तरी माझं डोकं तापतं.

मी चारुलता, सांगलीच्या गावभागातली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या काउंटरवर बसते. आजूबाजूच्या तालुक्यांतले शेतकरी बेदाणा खोक्यांत भरून आमच्याकडे ठेवतात आणि भाव चढला की काढून नेतात. कुणाची किती खोकी, कुठल्या चेंबरमध्ये, कुठल्या रांगेत, ही सगळी नोंद कॉम्प्युटरवर असते. त्यावर चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आज्ञा टाइप करायची, एंटर मारायचं, उत्तर येतं. इंग्रजी अक्षरांत लिहायच्या, पण आज्ञा आपल्या मराठीच. 'साठा दाखव' लिहून एंटर मारायचं, मग शेतकऱ्याचं नाव टाकलं की त्याची खोकी दिसतात. 'साठा भर' म्हटलं की नवी खोकी चढतात. आणि हंगाम संपला, माल सगळा गेला, की जुन्या नोंदी पुसायला 'साठा साफ'. राजवर्धनच्या वडिलांनी, वीरधवल आबांनी, ही व्यवस्था बसवून घेतली होती आणि तिचं काम चोख होतं.

आबांचा एकच हट्ट होता. कॉम्प्युटरवर सगळ्यांचं खातं एकच. त्याचं नावही 'घर'. पासवर्ड चहावाल्यालासुद्धा माहीत असेल. "घरात कुणी वेगळ्या चुली मांडतं का?" असं आबा म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला ते गोडही वाटायचं. कुठलीही आज्ञा कुणी दिली हे कळायची सोय त्यात नव्हती. पण तोवर तसं कळायची कुणाला गरजही पडली नव्हती.

या घरात साक्षी आली. म्हसवडची मुलगी. वडील कृष्णात फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले, आता शेती बघतात. साक्षी सांगलीत इंजिनिअरिंग शिकली आणि आमची मशीनं सांभाळायला लागली. बोलायला कमी, पण विचारलं तर समजावून सांगायचा कंटाळा नाही. आमच्याकडे दोन प्रकारची मशीनं आहेत, काउंटरवरची खरी आणि एक नव्या पोरांना शिकवायला सरावाचं. दोन्हींवर ते 'घर' खातं एकच.

आता ज्यावरून सगळं रामायण झालं ती गोष्ट सांगते. काळ्या पडद्यावर तुम्ही दोन-चार अक्षरं टाइप केली की मशीन तुमच्या आधीच्या आज्ञा शोधतं आणि तशीच एखादी सापडली तर उरलेली अक्षरं पुढे फिकट राखाडी रंगात दाखवतं. तुम्हाला तेच लिहायचं असेल तर उजवा बाण दाबायचा. राखाडी अक्षरं पांढरी होतात, मग एंटर मारायचं. नको असेल तर तिकडे लक्ष न देता टाइप करत राहायचं. सोय चांगली, पण साक्षीच्या आधीच्या माणसानं ती अशी बसवली होती की जीव नकोसा व्हायचा. एक अक्षर दाबलं की मशीन सगळं काम टाकून जुन्या आज्ञा शोधायला जायचं, आणि त्या आज्ञांची साठवण आवारातल्या पलीकडच्या इमारतीत. ते परत येईपर्यंत पडदा गप्प. दुसरं अक्षर दाबलं की पुन्हा गप्प. समोर शेतकरी ताटकळत उभा आणि मी कीबोर्डवर बोट ठेवून बसलेली. तो आपला माझ्याकडेच बघायचा, म्हणजे बावळट ठरायची ती मीच.

सगळ्यात जास्त चिडचिड राजवर्धनची. "बंद करून टाक ते," तो साक्षीला म्हणाला.

"सर, बंद करायची गरज नाही, ते मागून—"

"मागून करू वगैरे नको, आत्ता कर."

तिनं बंद केलं. पण ती गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नाही. त्या आठवड्यात ती माझ्या काउंटरशेजारी बसून नुसती बघत असायची. माझी पद्धत अशी आहे की शेतकऱ्यानं नाव सांगितलं की मी चेंबरकडे हमाल धाडते आणि तो येईपर्यंत हातावर हात ठेवून बसत नाही. गाडी कुठली, हमाली कुणाकडं, पाऊस पडला का, सगळं विचारून घेते. मध्येच शेतकरी म्हणाला, "आवं, माझी न्हवं, भावाची खोकी बघा," तर गेलेल्या हमालाला हाक मारून परत बोलावते आणि भावाच्या नावानं दुसऱ्याला धाडते. पहिल्याला आतून ओरडू देत नाही, कारण दोन उत्तरं एकदम आली की घोटाळा होतो.

एके दुपारी साक्षी हसत माझ्याकडे आली. "काकू, तुमचं काउंटरच मशीनमध्ये बसवलं बघा."

"म्हणजे काय केलंस?"

"तुमी अक्षर दाबलं की आता शोधायला येगळाच माणूस जातोय. पडदा थांबत न्हाई, तुमी टाइप करत ऱ्हावा. माणूस उत्तर घिऊन आला की राखाडी अक्षरं उमटत्यात. आन् तेवढ्यात तुमी पुढचं अक्षर दाबलंसा, तर जुन्याला परत बोलवायचं आन् नवा धाडायचा. जुन्याचं उत्तर पडद्यावर येऊच द्यायचं न्हाई."

"का बरं? त्यानंही शोधलंयच की."

"तुमी पुढं गेलाय न्हवं का. मागच्या अक्षराचं उत्तर आता सांगितलं तर ते खोटं पडतंय."

मी टाइप करून बघितलं. बोटं कुठेही अडली नाहीत. मी जरा थांबले तर राखाडी अक्षरं हळूच पुढे येऊन उभी राहिली, मी पुढे गेले तर निमूट पुसली गेली. मला इतकं बरं वाटलं! सुचवायचं, पण माणसाचा हात धरायचा नाही. आपण बोलत असताना मध्ये घुसायचं नाही. मनात म्हटलं, या पोरीनं एका यंत्राला शिकवलं ते पाचगणीच्या बोर्डिंग शाळेला या राजवर्धनला शिकवता आलं नाही.

राजवर्धननं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिलं, 'आम्ही सिस्टिम फास्ट केली.' आम्ही! त्या आम्हीमध्ये साक्षी कुठे बसली होती ते त्यालाच ठाऊक.

आणि मग त्याची ती सवय लागली. 'साठा' एवढं टाइप करायचं, बाण, एंटर. टक-टक. पुढे काय आलंय ते वाचायचंसुद्धा नाही. मी दोनदा टोकलं. "अहो, वाचून तरी बघा."

"दाखवच असणार ना, काकू. रोज तेच तर असतं."

'साठा साफ' लिहिलं की आधी 'खरंच पुसू का?' असा प्रश्न यायचा. साक्षीनंच तो घातला होता. राजवर्धननं तो काढायला लावला. "प्रत्येक वेळी हो-हो करत बसायला मला वेळ नाही." ती समजावू लागली तर तिचं वाक्य त्यानं नेहमीप्रमाणे स्वतःच संपवलं आणि विषयही संपवला.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते, भाव चढला होता, आवारात टेम्पो लागले होते. घोळ झाला त्याच्या आदल्या संध्याकाळी, काम आटोपल्यावर, साक्षीनं नव्या पोरांना सरावाच्या मशीनवर शिकवलं होतं, आणि शेवटी सरावाच्या नोंदी पुसायला 'साठा साफ' म्हटलं होतं. त्यात काही चूक नव्हती, ते मशीन त्यासाठीच होतं. पण खातं एकच, त्यामुळे दोन्हीकडच्या मशीनांना आठवणारी शेवटची 'साठा' आज्ञा तीच. सकाळी कुणी खऱ्या मशीनवर 'साठा' लिहिलं असतं तर राखाडीत 'साफ' उमटणारच होतं. वाचणाऱ्यानं ते वाचलं असतं आणि पुढे 'दाखव' लिहिलं असतं.

सकाळी काउंटर उघडताच, एकही आज्ञा टाइप करायच्या आधी, मी एका व्यापाऱ्याबरोबर चेंबरमध्ये गेले. काउंटरपुढे रंगुबाई उभ्या होत्या, आमच्या जुन्या शेतकरी. त्यांचा द्राक्षाचा बाग आहे आणि दरवर्षी त्यांचा बेदाणा आमच्याकडेच असतो. राजवर्धन माझ्या खुर्चीवर बसत म्हणाला, "जा तुम्ही, मी बघतो." मी परत आले तर तो खुर्चीपासून लांब उभा राहून ओरडत होता, "साक्षी! सिस्टिम गेली! अख्खा साठा गेला!"

पडदा रिकामा होता. एकाही शेतकऱ्याचं एकही खोकं त्यावर नव्हतं.

आदल्या दुपारची प्रत होती म्हणून वाचलो. साक्षीनं ती परत चढवली. पण त्या दुपारनंतर आलेला-गेलेला माल त्यात नव्हता, त्यामुळे सगळा स्टाफ स्वेटर घालून चेंबरमध्ये खोकी मोजत बसला. बाहेर टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते, व्यापारी आबांना फोन करून ओरडत होते. त्या गोंधळात रंगुबाई कधी निघून गेल्या ते मला कळलंही नाही.

दुपारी राजवर्धननं साक्षीला केबिनमध्ये बोलावलं. मी चहाच्या निमित्तानं आत जाऊन उभी राहिले आणि बाहेर पडले नाही.

"मी आलो तेव्हाच पडदा रिकामा होता," तो म्हणाला. "तुझ्या त्या प्रोग्रामनं आपोआप आज्ञा चालवली."

"सर, राखाडी अक्षरं आपोआप—"

"चालतात. तेच म्हणतोय मी."

"न्हाई सर, मी म्हणत होते की—"

"की तुझ्या लक्षात आलं नाही. ठीक आहे, माणूस आहे, चुकतो. शनिवारी व्यापारी आणि शेतकरी येणार आहेत. त्यांच्यासमोर तू सांगायचंस की तुझ्या प्रोग्रामचा दोष होता. सॉरी म्हणायचंस. पुढचं पुढे बघू."

'पुढचं पुढे बघू' म्हणजे काय ते आम्हा दोघींना कळलं. नोकरी जाणारच होती. पण ती काही सांगलीतली एकच नोकरी नव्हती. कुपवाडच्या वसाहतीत कुठल्या कारखान्यात काय घडलं ते संध्याकाळपर्यंत साऱ्या वसाहतीला कळतं. 'हिनंच कोल्ड स्टोरेजचा साठा पुसला' हे एकदा तिनं स्वतःच्या तोंडानं चारचौघांत म्हटलं की तिला कुणी मशीनजवळ उभं करणार नव्हतं. शिकून, धडपडून मिळवलेलं नाव एका सॉरीत जाणार होतं. आणि ज्यानं बटण दाबलं तो केबिनमध्ये गार हवेत बसला होता.

"मला माहितीये तुम्हीच खुर्चीवर होतात," मी म्हणाले.

"काकू, तुम्ही चेंबरमध्ये होतात. तुम्ही पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पाहिलं नव्हतं ते नव्हतंच. आणि मशीनला विचारावं तर ते एवढंच सांगणार, 'घर'नं पुसलं. आबांच्या त्या गोड घराचा मला त्या क्षणी किती राग आला, सांगता येत नाही. ज्या घरात कुणी काय केलं ते कळत नाही, त्या घरात सगळ्यात धाकट्या सुनेवर खापर फुटतं, दुसऱ्या कुणावर नाही.

साक्षी रडली नाही. डबा उघडला आणि तसाच ठेवला. तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा तिनं तो माझ्यासमोरच घेतला आणि सगळं सांगितलं. कृष्णातरावांचा आवाज खणखणीत, शेजारी बसूनही मला ऐकू येत होता.

"तू केलंयस का?"

"न्हाई, आप्पा."

"मंग माफी कशाची? आन् काय गं, हुकूम कुणी दिला ते तिथं कळत न्हाई व्हय?"

"सगळ्यांचं खातं एकच हाय."

"ह्ये कसलं गं बाई! आमच्यात वायरलेसवर तोंड उघडायच्या आदी कोण बोलतंय ते सांगावं लागायचं. कोण बोललं त्येचाच पत्त्या न्हाई, आन् शिक्षा मातूर तुला? तू माफी मागायची न्हाईस. घरी आलीस तरी चालंल, पर खोटं बोलून यायचं न्हाई."

फोन ठेवल्यावर तिनं डबा खाल्ला. मला वाटलं, आता ही पोर म्हसवडला जाईल आणि आपण इथे बसून याचं टक-टक ऐकायचं.

शनिवारी ऑफिसच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. व्यापारी पुढे, शेतकरी मागे. आबा मधल्या खुर्चीत. राजवर्धननं भिंतीवरच्या टीव्हीला सरावाचं मशीन जोडून घेतलं होतं आणि त्या दिवसासारखंच दिसावं म्हणून त्यावर नुकतंच एकदा 'साठा साफ' चालवून घेतलं होतं. त्याला दाखवायचं होतं की दोष कसा यंत्रात आहे. पांढरा शर्ट, हातात रिमोट. बोलण्यातही फार सफाई. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"आमच्या इंजिनिअर साक्षी आता तुम्हाला सांगतील," तो म्हणाला.

साक्षी उठली. "मला एवढंच सांगायचंय की—"

"झाली चूक, बरोबर?" राजवर्धन हसून म्हणाला. "घाबरू नको, सगळे घरचेच आहेत."

पुढच्या रांगेतले काही जण हसले. साक्षी थांबली. हसू विरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सर, तुम्हीच दाखवा ना. या मशीनवर 'साठा' एवढं लिहा."

त्यानं लिहिलं. पुढे राखाडीत 'साफ' उमटलं. "बघा!" तो उत्साहानं सगळ्यांकडे वळला. "मी लिहिलंय का हे? आपोआप आलं!"

"आलं," साक्षी म्हणाली. "आता हात काढा."

त्यानं हात काढला. सगळे टीव्हीकडे बघायला लागले. राखाडी 'साफ' तिथंच होतं. चहा आला, सगळ्यांना वाटून झाला, कपबशा वाजल्या. राखाडी 'साफ' तिथंच. एक व्यापारी मान वाकडी करून म्हणाला, "चालायचं कधी हे?"

"चालायचं नाही," साक्षी म्हणाली. "कुणी बाण दाबून एंटर मारेपर्यंत ते असंच उभं राहतं. ते फक्त सुचवतं. करतं माणूस."

राजवर्धनचा चेहरा उतरला, पण जीभ नाही उतरली. "मग दुसऱ्या कुणीतरी एंटर मारलं असेल. मी आलो तेव्हा पडदा रिकामाच होता."

"आवं, खोटं कशाला बोलताय?"

आवाज मागून आला. रंगुबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर नीट करत पुढे आल्या. "मी म्होरं व्हते की तुमच्या. मी म्हनलं, माजी खोकी. तुमी म्हनला, न्यायची हायती न्हवं, काढतो. आवं, मला न्यायची नव्हती! मला म्हनायचं व्हतं, भाव आजून चढू द्या, खोकी हितंच ऱ्हाऊ द्या. पर तुमी मला बोलू दिलंसा कुठं? टक-टक केलंसा आन् मंग 'अरे' म्हनला. आन् पांढरंफटक तोंड करून खुर्चीवरनं उठला. मी काय आंधळी हाय व्हय?"

राजवर्धन रिमोटकडे बघत राहिला. मला तेव्हा उठून रंगुबाईंचे पाय धरावेसे वाटले, खोटं कशाला सांगू. असत्याचं इतकं नेटकं बांधलेलं खोकं, आणि त्यांनी एका दमात फोडलं.

पण आबांना अजून बोलायचं होतं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "जाऊ द्या. झालं ते झालं. मिटवून टाकू. चूक कुणाचीच नव्हती असं समजू या. साक्षी, तूही विसर. राहा कामावर."

व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे 'मिटवून टाकू' म्हटलं की सगळ्यांना कसं हलकं वाटतं! माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कालपर्यंत चूक साक्षीची होती तेव्हा तिला चारचौघांत उभं करून माफी मागायला लावणार होते. आज चूक मुलाची निघाली, तर लगेच कुणाचीच नाही! मी उठलेच होते, पण साक्षी माझ्या आधी बोलली.

"आबा, मिटवू नका. मला सरांची माफी नको. प्रत्येकाला वेगळं खातं द्या. ज्याची आज्ञा त्याच्या नावावर. तसं होणार नसेल तर मी जाते."

"म्हणजे घरात एकमेकांवर अविश्वास—" राजवर्धन म्हणाला.

"अविश्वास कसला आलाय?" रंगुबाई त्याला मध्येच तोडत म्हणाल्या, आणि त्याचं वाक्य कुणी तोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "तुमच्या चेंबरात दर खोक्यावर नाव हाय. माज्या खोक्यावर माजं, शेजाऱ्याच्या खोक्यावर शेजाऱ्याचं. ते लिवताना आमाला वाईट वाटतंय व्हय? खोक्याला नाव लागतंय, मंग तुमच्या कामाला का नको? आबा, ही पोर म्हनती ते करा, न्हाईतर माजी खोकी मी आजच काढते."

"माझीही," मागून कुणीतरी म्हणालं. पुढच्या रांगेतल्या माना आता वेगळ्या दिशेनं डोलू लागल्या. आबांनी एकदा मुलाकडे बघितलं. "करून टाक गं," शेवटी ते साक्षीला म्हणाले, आणि चहा न पिताच उठले.

राजवर्धननं माफी मागितली नाही. मागेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. साक्षीनं प्रत्येकाला स्वतःचं खातं दिलं, स्वतःचा पासवर्ड दिला आणि 'खरंच पुसू का?' हा प्रश्न कुणाला न विचारता परत बसवला. 'घर' बंद झालं, आणि त्यात साठलेल्या सगळ्यांच्या जुन्या आज्ञाही त्याच्याबरोबर गेल्या. माझ्या खात्यात मी टाइप करत गेले तशा माझ्या आज्ञा साठत गेल्या, आणि थोड्याच दिवसांत राखाडी अक्षरं माझ्यापुढे पूर्वीसारखी येऊन उभी राहू लागली.

राजवर्धन बरेच दिवस काउंटरकडे फिरकला नाही. मग एका सकाळी गर्दी होती, काउंटरवर मी एकटी, तेव्हा तो शेजारच्या मशीनवर स्वतःचं खातं उघडून बसला. समोर शेतकरी उभा. त्यानं 'साठा' लिहिलं आणि थांबला. बाण दाबला. काही नाही. पुन्हा दाबला.

"साक्षी, हे बिघडलंय. काही सुचवत नाही."

"सर, ते तुमच्या—"

"सर्व्हर डाउन आहे ना?"

साक्षीनं आपल्या मशीनवरची नजर काढली नाही. तो गप्प बसेपर्यंत थांबली आणि आपलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढे बोलली. "ते तुमच्या जुन्या आज्ञा शोधतंय. तुम्ही स्वतः आजवर जे टाइप केलं, त्यातून सुचवतं. माणूस शोधायला जातोय सर, पण रिकाम्या हातानं परत येतोय."

मला कळायला क्षणभर लागला आणि मग हसू आवरेना. इतके दिवस तो ज्यावर बाण मारत आला ती अक्षरं माझी होती, साक्षीची होती, इथं काम करून गेलेल्या प्रत्येकाची होती. त्याचं स्वतःचं त्यात काही नव्हतंच.

तो कीबोर्डकडे बघत बसला. बोटं 'साठा'पर्यंत जात होती आणि तिथंच थांबत होती. समोरचा शेतकरी चुळबुळत होता. शेवटी राजवर्धननं माझ्याकडे मान वळवली. आवाज खाली होता.

"काकू, ते साठाच्या पुढे..."

पुढे काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं. 'दाखव' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. पण मी तो गिळला. हात मांडीवर ठेवले आणि त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिले.